खरखर कुठून येते?

गाडीतला रेडिओ बिघडला, की घरात त्याच्याविषयी फारशी चर्चा होत नाही. फ्रिज बंद पडला तर दूध नासतं, पंखा बंद पडला तर झोप उडते. रेडिओ मात्र मुकाट्याने मुका होतो. मग सहा-आठ महिने तो तसाच डॅशबोर्डमध्ये बसून राहतो आणि दिवाळीच्या सुमारास कुणीतरी म्हणतं, ‘जाऊ दे, नवीनच बसवून टाकू.’ दुकानदार जुना सेट उपटतो, नवा ठोकतो, दहा-पंधरा हजारांचं बिल होतं. आणि पुष्कळदा असं होतं, की जुनी खरखर नव्या सेटमध्येही तितक्याच निष्ठेने येत राहते.

याचं कारण साधं आहे. आपण ‘रेडिओ बिघडला’ म्हणतो तेव्हा बहुतेक वेळा रेडिओ शाबूत असतो. बिघडलेली असतात ती त्याची नाती. छपरावरच्या एरियलशी, बॅटरीशी, गाडीच्या पत्र्याशी आणि दारातल्या स्पीकरशी असलेली. घरातला रेडिओ टेबलावर एकटा राहू शकतो. गाडीतल्या रेडिओला एकत्र कुटुंबात राहावं लागतं. आणि एकत्र कुटुंबात दोष कुणाचा हे ठरवायचं, तर आधी कोण कुणाशी कसं बांधलेलं आहे ते समजून घ्यावं लागतं.

रेडिओसाठी सर्वांत वाईट जागा

खरं म्हणजे मोटार ही रेडिओसाठी अत्यंत गैरसोयीची जागा. पेट्रोलच्या इंजिनात प्लगच्या ठिणग्या सतत उडत असतात आणि ठिणगी म्हणजेच एक छोटा, बेशिस्त प्रक्षेपक. त्यात भोवती लोखंडी पत्रा, खाली खड्डे, वर ऊन, पावसाळ्यात ओल. सुरुवातीच्या काळात आणखी एक अडचण होती. तेव्हाच्या रेडिओत काचेचे व्हॉल्व्ह असत, त्यांना शंभराहून अधिक व्होल्टचा दाब लागे, आणि गाडीची बॅटरी होती सहा व्होल्टची. म्हणून रेडिओसाठी वेगळ्या मोठ्या बॅटऱ्या गाडीच्या तळाशी कोंबाव्या लागत.

या साऱ्या अडचणींना पुरून उरलेला एक गट अमेरिकेत शिकागोत होता. पॉल गॅल्विन आणि त्याचा भाऊ जोसेफ यांनी १९२८ मध्ये एक छोटी कंपनी काढली होती. १९३० साली अटलांटिक सिटीत रेडिओ उत्पादकांचं अधिवेशन भरलं तेव्हा पॉल गॅल्विनने रेडिओ बसवलेली आपली गाडी बाहेर रस्त्यावर उभी केली आणि येणाऱ्या-जाणाऱ्या व्यापाऱ्यांना तो ऐकवला. त्या रेडिओचं नाव होतं ‘मोटोरोला’. ते पुढे कंपनीलाच चिकटलं. जर्मनीत ब्लाउपुंक्टने १९३२ मध्ये मोटारीचा रेडिओ आणला. त्याची पेटी इतकी मोठी होती, की ती डॅशबोर्डमध्ये मावेना. म्हणून तिची बटणं तेवढी स्टिअरिंगच्या दांड्यावर आणून बसवली होती. आजच्या गाड्यांत स्टिअरिंगवर आवाजाची बटणं पाहून आपल्याला नवल वाटतं, पण त्या कल्पनेचं वय नव्वदीच्या पुढे आहे! पुढे ट्रान्झिस्टर आला आणि १९५५ मध्ये फिल्को कंपनीने क्रायस्लर गाड्यांसाठी निव्वळ ट्रान्झिस्टरवर चालणारा रेडिओ तयार केला. व्हॉल्व्ह गेले, पेटी लहान झाली, बॅटरीवरचा भारही हलका झाला.

आपल्याकडे फियाट आणि अँबॅसेडरच्या जमान्यात गाडीत रेडिओ असणं हीच मोठी ऐट होती. शिवाय रेडिओला सरकारी परवाना लागे. दरवर्षी पोस्टात जाऊन पैसे भरायचे आणि छोट्या पुस्तकात त्याची नोंद करून घ्यायची. हा परवाना १९८०च्या दशकात रद्द झाला. नंतर आला तो ‘कार टेप’. एफएम मात्र घराघरांत आणि गाड्यांत खऱ्या अर्थाने शिरलं ते २००१ नंतर, खासगी केंद्रं सुरू झाल्यावर.

पंचवीस-तीस केंद्रांतून एक

हवेत एकाच वेळी अनेक केंद्रांच्या लहरी पसरलेल्या असतात. त्या सगळ्या एरियलवर एकदमच आदळतात. त्यांतून नेमकं आपल्याला हवं ते केंद्र वेगळं काढायचं कसं? ही युक्ती एडविन आर्मस्ट्राँग या अमेरिकन अभियंत्याने १९१८ साली शोधली. प्रत्येक केंद्रासाठी वेगळी चाळणी बनवण्याऐवजी त्याने चाळणी एकच ठेवली आणि हवं ते केंद्र त्या चाळणीच्या मापाचं करून घेतलं. एफएमसाठी हे ठरलेलं माप १०.७ मेगाहर्ट्झ. समजा, तुम्ही १०१ मेगाहर्ट्झवर काटा आणला. रेडिओ आपल्या पोटात १११.७ची एक लहर तयार करतो आणि आलेल्या लहरीशी ती मिसळतो. दोन्हींतला फरक येतो १०.७. तोच चाळणीतून पुढे जातो, बाकीचे बाहेर थांबतात. बटण फिरवून आपण बदलतो ती पोटातली लहर. चाळणी हलत नाही. आजच्या सेटमध्ये हे काम नखाएवढी चिप आकडेमोड करून करते, माप बदललं आहे, पण तत्त्व तेच आहे.

एफएम हे तंत्रही याच आर्मस्ट्राँगचं. १९३३ साली त्याला त्याची पेटंटं मिळाली. जुन्या पद्धतीत आवाजाप्रमाणे लहरीची उंची कमी-जास्त होते. विजेची ठिणगीही उंचीच वाढवते, म्हणून ती आवाजात मिसळून खरखर होते. आर्मस्ट्राँगने उंची कायम ठेवून लहरींची घनता बदलली. खरखर आली तरी रेडिओ तिच्याकडे लक्षच देत नाही! १९२३ मध्ये आपल्या बायकोला, मॅरियनला, त्याने लग्नाची भेट म्हणून हातातून नेता येणारा रेडिओ करून दिला होता. पुढे पेटंटांच्या कोर्टकचेऱ्यांत तो पुरता खचला आणि १९५४ साली त्याने आत्महत्या केली. मॅरियनने मात्र खटले सोडले नाहीत. एकेक करून तिने ते जिंकले. शेवटचा निकाल १९६७ मध्ये लागला, आणि त्यातला प्रतिपक्ष होता मोटोरोला.

एफएमची लहर सुमारे तीन मीटर लांब. तिचा पाव भाग पाऊण मीटर, म्हणून जुन्या गाड्यांची ओढून काढायची एरियल साधारण तेवढ्या लांबीची असे. मध्यम लहरी मात्र शेकडो मीटर लांब. ‘मुंबई ब’ ५५८ किलोहर्ट्झवर होतं, म्हणजे ५३७.६ मीटर, जुन्या श्रोत्यांच्या कानात हे आकडे अजून असतील. या लांबीच्या फरकामुळेच प्रवासातल्या पुष्कळ गोष्टींचा उलगडा होतो. मध्यम लहरी जमिनीच्या कडेकडेने दूरवर जातात, डोंगराला वळसा घालतात. पण पुलाखालून जाताना त्यांचा आवाज बुडतो. एफएम छोट्या फटीतूनही आत शिरतं, म्हणून पुलाखाली ते टिकतं. पण डोंगर आडवा आला, की संपलं. लांब बोगद्यात अर्थात दोघेही गप्प होतात.

म्हणून खंडाळ्याच्या घाटात एफएम तुटू लागलं तर रेडिओला बोल लावू नये. मुंबईत आणि पुण्यात, दोन्हीकडे ९८.३ वर केंद्र आहे. द्रुतगती मार्गावर मधल्या पट्ट्यात एक निवेदक बोलता बोलता गायब होतो आणि त्याच जागी दुसराच बोलू लागतो. एफएमचा स्वभावच असा, की दोघांत जो थोडासा जोरकस त्याचंच ऐकायचं. दोघांची सरमिसळ करायची नाही. सिग्नलला उभं राहिल्यावर अचानक फसफस सुरू झाली, तर गाडी हातभर पुढे घेऊन पाहावी. इमारतींवर आपटून आलेली लहर आणि थेट आलेली लहर त्या नेमक्या जागी एकमेकींना खोडत असतात.

आधी फरक कोणत्या बाजूला, ते पाहा

बँकेत दिवसअखेर हिशेबात फरक आला, की कुणी खातेवही फेकून नवी आणत नाही. फरक कोणत्या बाजूचा, कोणत्या काउंटरचा, असं निम्मं-निम्मं करत जायचं. शेवटी एखादी स्लिप सापडते. माझी उमेदीची वर्षं त्यात गेली, आणि रेडिओच्या दुरुस्तीतही याहून वेगळी पद्धत नाही.

खरखर किंवा शिट्टी येते आहे? इंजिन बंद करा, किल्ली अर्धी फिरवून रेडिओ तेवढा लावा. आवाज स्वच्छ झाला तर दोष इंजिनाच्या बाजूचा. अ‍ॅक्सिलरेटर दाबल्यावर शिट्टी चढत जात असेल तर ती अल्टरनेटरची, म्हणजे बॅटरी भरणाऱ्या यंत्राची. ‘टकटक’ वाढत असेल तर प्लगची किंवा त्यांच्या वायरींची. इंजिन बंद असतानाही खरखर असेल, तर सिगारेट लायटरच्या जागी लावलेला मोबाइलचा चार्जर उपटून पाहा. मग पुढच्या काचेवरचा कॅमेरा, मग बाजारातून आणून बसवलेले एलईडी दिवे. स्वस्तातल्या चार्जरच्या पोटात वीज सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद होत असते. आजकालच्या खरखरीचं हे फार मोठं कारण आहे, आणि त्याची दुरुस्ती फुकट आहे.

दुसरी चाचणी. रेडिओऐवजी पेनड्राइव्हवरचं गाणं लावा. आवाज निर्मळ आला तर घाण एरियलमार्गे येते आहे. शिट्टी तशीच राहिली तर ती विजेच्या वायरीतून किंवा ‘अर्थ’मधून येते आहे. गाडीत प्रत्येक वस्तूला एकच वायर बॅटरीकडून येते. परतीची वाट म्हणजे गाडीचा पत्रा. सेटची काळी वायर जिथे पत्र्याला स्क्रूने आवळलेली असते तिथे गंज चढला किंवा रंगाचा थर राहिला, की परतीची वाट अडते आणि वीज भलत्याच मार्गाने जाऊ लागते. पॉलिश पेपरने जागा घासून स्क्रू घट्ट आवळला, की पुष्कळदा आजार बरा होतो. कोकणातल्या आणि मुंबईतल्या खाऱ्या हवेत तर हे आधी पाहावं.

सेट पूर्ण मेला असेल तर फ्यूज पाहा. एक डॅशबोर्डखालच्या पेटीत असतो, एक पुष्कळदा सेटच्या पाठीवर. जळालेला फ्यूज त्याच आकड्याच्या फ्यूजनेच बदलायचा. दहाच्या जागी तीसचा घालणं किंवा चांदीचा कागद गुंडाळणं म्हणजे वायर पेटवायची तयारी. नवा फ्यूजही लगेच उडला तर थांबा. कुठेतरी वायर सोलून पत्र्याला टेकते आहे.

गाडी बंद केली, की रेडिओ सारी केंद्रं विसरतो? बाहेरून बसवलेल्या सेटला सहसा दोन विजेच्या वायरी असतात. पिवळी कायमची बॅटरीवर, स्मरणशक्तीसाठी. तांबडी किल्ली फिरवल्यावर जिवंत होणारी. काही गाड्यांत कंपनीच्या जोडणीत या जागा उलट असतात. दोघींची अदलाबदल केली, की स्मृती परत येते. तांबडीही चुकून कायम विजेवर जोडली गेली असेल तर सेट नीट झोपतच नाही आणि बॅटरी पितो. हिशेब करून पाहा: ४५ अँपिअर-अवरची बॅटरी आणि अर्ध्या अँपिअरची गळती म्हणजे नव्वद तास, चार दिवससुद्धा नाहीत. गावाहून परत येता आणि गाडी स्टार्ट होत नाही. ठपका बॅटरीवर येतो.

बॅटरी बदलल्यावर पडद्यावर ‘कोड’ असा शब्द आला तर घाबरू नका. ती चोराविरुद्धची तजवीज आहे. आकडा सहसा गाडीच्या कागदपत्रांत, एखाद्या छोट्या कार्डावर असतो. अंदाजाने आकडे दाबत बसू नये. तीन-चार चुकांनंतर सेट स्वतःला बराच वेळ कुलूप लावून घेतो.

एकाच बाजूने आवाज येतो? सेटमध्ये डावं-उजवं करण्याची सोय असते, ती आधी पाहा; मुलांनी ती फिरवलेली असते! नसेल तर त्या स्पीकरच्या वायरी सेटपासून सोडवून दीड व्होल्टचा पेन्सिल सेल क्षणभर त्यांना टेकवा. ‘ठप्’ असा आवाज आला तर स्पीकर जिवंत आहे. कोरडी खसखस आली तर त्याची गुंडाळी घासते आहे. काहीच आलं नाही तर वायर दाराच्या बिजागरीपाशी पाहा. दार हजारो वेळा उघडतं-मिटतं, आणि वायर तिथेच तुटते. दोन्ही बाजू वाजतात पण ढोलकीचा ठेका पोकळ लागतो, असं असेल तर एका स्पीकरच्या दोन वायरी उलट लागलेल्या असतात. एक पुढे ढकलतो तेव्हा दुसरा मागे ओढतो आणि खालचे सूर एकमेकांना मारतात.

आणि खोक्यावरच्या ‘५० वॅट × ४’ला भुलू नका. चालू गाडीत दाब साधारण १४.४ व्होल्ट, स्पीकर ४ ओहमचा. १४.४ गुणिले १४.४, भागिले ४: उत्तर येतं ५२ च्या आसपास. म्हणजे आवाज पूर्ण फाटेल तेव्हाचा तो आकडा आहे. स्वच्छ आवाजात प्रत्येक स्पीकरला अठरा-वीस वॅट मिळाले तरी पुष्कळ.

निळी वायर

एरियलचं दुखणं मात्र वेगळं सांगायला हवं, कारण सगळ्यांत जास्त पैसे तिथेच फुकट जातात. जुन्या गाड्यांत दांडी वाकते, तळाशी पाणी शिरतं, किंवा सेटमागची पिन अर्धवट बसलेली असते. नव्या गाड्यांत छपरावर आखूड दांडी किंवा माशाच्या कल्ल्यासारखं शेपूट असतं. एवढीशी एरियल कमी लहर पकडते, म्हणून तिच्या बुडाशी एक छोटा अ‍ॅम्प्लिफायर असतो, आणि त्याला वीज लागते.

आमच्या सोसायटीतल्या एका गृहस्थांनी कंपनीचा सेट काढून मोठ्या पडद्याचा नवा बसवून घेतला. गाणी, नकाशे, सगळं झकास. एफएम मात्र घराबाहेर पडताच फसफसायचं. दुकानदाराने सांगितलं, एरियल गेली, छताचं अस्तर उतरवावं लागेल. कुणीतरी बुधवार पेठेत पासोड्या विठोबाच्या बाजूला बसणाऱ्या एका म्हाताऱ्या कारागिराचं नाव सुचवलं. गृहस्थ म्हणाले, ‘काका, एरियल बदलावी लागेल म्हणतात.’ काकांनी सेट चार बोटं बाहेर ओढला, मागे एक निळी वायर मोकळी लोंबत होती. ‘साहेब, एरियल ठणठणीत आहे,’ ते म्हणाले, ‘पण तिला जेवायला कुणी घातलंय?’ निळी वायर जोडली, टेप गुंडाळली, आणि केंद्रं घडाघडा लागली.

काचेवर धातूचा अंश असलेली फिल्म असेल आणि एरियल त्या काचेतच असेल, तरी रेडिओ बहिरा होतो. हेही तपासावं.

जिथे हात घालू नये अशा दोन जागाही सांगून ठेवतो. स्टिअरिंगच्या मध्यभागी एअरबॅग असते, तिच्या वायरींना, त्या बहुधा पिवळ्या आवरणात असतात, बिलकूल स्पर्श करू नये. आणि ज्या नव्या गाड्यांत रेडिओ, एसी, मागचा कॅमेरा सारं एकाच पडद्यावर चालतं, तिथे पडदा गोठला तर गाडीच्या पुस्तकात दिल्याप्रमाणे तो बंद करून पुन्हा चालू करण्यापलीकडे घरी काही करू नये.

बोलणारा गेला तर?

एक बिघाड असा आहे, की तो कुठल्याच कारागिराला सापडणार नाही. सेट चांगला, एरियल चांगली, पण पलीकडे बोलणाराच उरलेला नाही. आकाशवाणीची मध्यम लहरींवरची अनेक प्रक्षेपणं गेल्या काही वर्षांत बंद झाली. नॉर्वेने २०१७ साली राष्ट्रीय वाहिन्यांचं एफएम बंद करून सारा कारभार डिजिटल केला, आणि असंख्य गाड्यांतले धडधाकट रेडिओ एका फटक्यात जुने झाले. विजेवर चालणाऱ्या मोटारींची यंत्रणा मध्यम लहरींत खरखर निर्माण करते, म्हणून काही कंपन्यांनी त्या लहरी पकडणारा भागच काढून टाकला. अमेरिकेत २०२३ मध्ये त्याविरुद्ध थेट कायद्याचा मसुदा मांडला गेला: प्रत्येक गाडीत हा रेडिओ असलाच पाहिजे, कारण संकटाची सूचना त्यावरून जाते.

हा हट्ट जुनाट नाही. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. माणसं रात्रभर गाड्यांत, बसमध्ये, कचेऱ्यांत अडकली आणि मोबाइलची जाळी कोलमडली. फोनला बोलण्यासाठी जवळ टॉवर लागतो, टॉवरला वीज लागते, आणि एकाच वेळी सगळे बोलू लागले की तो गुदमरतो. रेडिओचं तसं नाही. एक माणूस लांबून बोलतो आणि दहा जणांनी ऐकलं काय, दहा लाखांनी ऐकलं काय, त्याच्यावर भार पडत नाही. ऐकणाऱ्याला लागते फक्त बारा व्होल्टची बॅटरी. ती प्रत्येक गाडीत असतेच.

तेव्हा येत्या रविवारी गाडी धुवाल तेव्हा दहा मिनिटं रेडिओसाठी काढा. मुलांना बरोबर घ्या. इंजिन बंद, चार्जर बाहेर, एरियलची दांडी हाताने घट्ट. मग एक केंद्र लावा आणि ते स्वच्छ लागतं का, चारही कोपऱ्यांतून येतं का, ते ऐका. पावसाळ्यापूर्वी आपण छत्रीच्या काड्या तपासतो. हेही त्यातलंच एक काम समजा.